माल नव्या गोदामात, पत्ता जुनाच

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडील कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर आता संगणक असतोच. मोबाइलवरून उतरविलेले नमुन्यांचे फोटो, सूरतच्या पार्टीने धाडलेली साड्यांची डिझाइने, जॅकार्डचे नक्षे आणि स्कॅन केलेली बिले त्यात साठत जातात. बिले तर पुसूनही टाकता येत नाहीत. जीएसटी 1 जुलै 2017 पासून लागू झाला. त्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेबाची कागदपत्रे सांभाळावी लागतात. सबब मूळ डिस्क भरून जाते आणि नवी मोठी डिस्क आणणे भाग पडते.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कॅटलॉगच्या प्रोग्राममध्ये आपण फोटो आयात करतो तेव्हा पुष्कळसे प्रोग्राम फोटो स्वतःच्या पोटात घेत नाहीत. तो कोणत्या फोल्डरात आहे, एवढा पत्ता लिहून ठेवतात. तुम्ही फोल्डर उचलून नव्या डिस्कवर नेला की पत्ता खोटा ठरतो आणि नमुन्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. मग मुनीम एकेक नमुना पुन्हा जोडत बसतो व गिऱ्हाईक समोर ताटकळते.

यावर इलाज आहे सिम्बॉलिक लिंकचा. मराठीत लिंकला 'दुवा' म्हणतात. (आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना दुवा म्हटले की हात उचलावेसे वाटतात, पण ही दुवा निराळी!) गोदाम हलविल्यावर जुन्या दारावर आपण नव्या पत्त्याची पाटी लावतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पाटी वाचण्याची तसदी प्रोग्रामला पडत नाही. तो जुन्या दारातून शिरतो आणि थेट नव्या गोदामात पोहोचतो. पुढच्या महिन्यात नवे फोटो आयात केले तरी ते आपोआप नव्या डिस्कवरच जातात. युनिक्समध्ये ही सोय 1983 च्या 4.2 बीएसडी आवृत्तीत आली होती; विंडोजच्या सामान्य वापरणाऱ्यास ती 2007 साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मिळाली. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट म्हणजे लिंक नव्हे. शॉर्टकट ही एक वेगळी फाइल असते, ती माणसाच्या सोयीची. प्रोग्राम तिला फोल्डर समजत नाही.

आता कृती. प्रथम कॅटलॉगचा प्रोग्राम बंद करा. फोल्डर हलवू नका, त्याची नक्कल नव्या डिस्कवर उतरवा. नक्कल पुरी झाल्यावर दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइटमधील आकार ताडून पाहा. 'साइज ऑन डिस्क' हा आकडा मात्र दोन डिस्कांवर वेगळा येऊ शकतो, त्याने घाबरू नये. आकडे जुळले की जुन्या फोल्डरास दुसरे नाव द्या, समजा 'फोटो-जुना'. पुसण्याची घाई नको.

नंतर कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. पॉवरशेलच्या खिडकीत हा हुकूम सरळ चालत नाही. हुकुमाचे नाव एमकेलिंक. त्यापुढे तिरपी रेघ आणि डी, मग जुना पत्ता, मग नवा पत्ता, म्हणजे आधी 'सी:\व्यापार\फोटो' व नंतर 'ई:\व्यापार\फोटो'. यंत्रावर अर्थातच हे रोमन अक्षरांत. नावात मोकळी जागा असल्यास पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की तेथील एलएन हुकुमात क्रम उलटा असतो: आधी मालाचा खरा पत्ता, मग पाटीची जागा. दोन्ही यंत्रे वापरणारा येथे हमखास गोंधळतो.

प्रोग्राम उघडून जुने-नवे पाच-पंचवीस नमुने पाहा. आठ-दहा दिवस काम सुरळीत चालले, नव्या डिस्कवरील मालाची आणखी एक नक्कल तिसऱ्या जागी झाली, की मगच 'फोटो-जुना' पुसावा.

बाहेरून जोडायची डिस्क असेल तर एक खबरदारी आहे. आज ई असलेले अक्षर उद्या दुसरी पेनड्राइव्ह आधी लागल्यास एफ होऊ शकते, आणि पाटी भलत्याच गल्लीकडे बोट दाखवू लागते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला शेवटचे एखादे अक्षर, वाय किंवा झेड, नेमून द्यावे आणि लिंकही त्याच अक्षराने करावी. माझे मत असे की फोटो, नक्षे, जुनी बिले लिंकमागे खुशाल ठेवावीत, पण रोजकीर्द-खातेवहीचा चालू डेटा बाहेरच्या डिस्कवर नेऊ नये. लिहिणे चालू असताना वायर निसटली तर खाते अर्धवट राहते.

लिंकच्या आत जाऊन फाइल पुसली तर खरी फाइल जाते. केवळ लिंक काढायची असल्यास कमांड प्रॉम्प्टवर आरएमडीआयआर हुकूम लिंकच्या नावासह द्यावा. पाटी निघते, माल राहतो. डीईएल हुकूम तेथे वापरू नये, तो आतल्या फाइलींवर चालतो. नक्कल ठेवणारे काही प्रोग्राम तर फक्त पाटी उचलतात आणि मागचा माल तसाच सोडून देतात. म्हणून त्यांच्या यादीत नव्या डिस्कचा फोल्डर स्वतंत्र नोंदवावा आणि एकदा त्यातून दोन-चार बिले परत काढून उघडून पाहावीत.