पहिले वाक्य

लिहायला बसल्यावर हात का थांबतो, हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी उभा राहतो. निवासी शाळेतील मुलामुलींपाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. रात्री दिवे मालवल्यावर खोल्यांतून चालणाऱ्या गप्पा ऐकाव्यात. परंतु निबंधाची वही उघडली की तीच मुले मुकी होतात. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी लिहिलेले नाही, त्यांना कोरा कागद परक्याच्या ओसरीसारखा वाटतो. आपली घरची भाषा तेथे चालेल की नाही, याचा धाक असतो. मग ‘प्राचीन काळापासून’ असे एखादे उसने वाक्य लिहिले जाते आणि त्याच्यापुढे वाटच उरत नाही.

आरंभाचा हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही सोडवावा लागला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनाच्या प्रारंभीच त्यांनी तो मांडला आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावून द्यायची, तर सर्वसाधारण वर्णन करावे की घडलेले प्रसंग सांगावेत? त्यांनी दुसरी पद्धत निवडली आणि ते १९०१ सालच्या एका प्रवासाकडे वळले. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. अखेर दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, असे ठरते. शिदोरी सोबत असते, पाणी मात्र मिळत नाही. अस्पृश्यतेची व्याख्या ज्या पंडिताला सहज करता आली असती, त्याने मुलांची तहान पुढे ठेवली.

मुक्ता साळवे ही तर फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शक्तीनुसार हे काम हाती घेतले आहे, असे ती सुरुवातीलाच सांगते. हा विनय खराच. पण आमच्या मते त्यात मोठी सोयही आहे. शक्ती किती, हे मोजत बसावे लागत नाही.

आम्ही विद्यार्थ्यांना प्रसंग आधी शेजाऱ्याला तोंडी सांगायला लावतो. ऐकणारा जेथे ‘मग?’ असे विचारतो, तेथून लिहायचे. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी पाहायचे. प्रस्तावना सर्वांत शेवटी, आणि बहुधा तिची गरजच पडत नाही.

या स्मरणिकेसाठी लेख मागितले तेव्हा ‘आम्हाला लिहिता येत नाही’ असे काही माजी विद्यार्थ्यांनी कळवले. तेच वसतिगृहातील पहिल्या रात्रीविषयी फोनवर तासभर बोलले! इतिहास शिकवताना आम्हाला जाणवते, की आपल्या आजा-पणजांचे जगणे बहुतेक इतरांच्या दप्तरांतूनच शोधावे लागते. त्यांच्या हातचा कागद क्वचितच सापडतो. म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. शाळेत नाव घालताना वय कोणी सांगितले, पत्र्याची पेटी कोणी घेऊन दिली, तिच्यावर नाव कोणी रंगवले, एवढेच चार ओळींत लिहून पाठवावे. पुढचे आम्ही विचारून घेऊ.