पिकअप मागून बसते? पाटे वाढवायच्या आधी भुईकाट्यावर जा

या वेळच्या व्हिडिओत वेळ कमी पडला आणि आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश लिहितोय. ज्यांच्याकडे पिकअप आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी वही-पेन घेऊन बसा.

कोरेगावकडच्या एका मुलाचा फोन आला होता. कर्ज काढून पिकअप घेतलीय, आल्याची वाहतूक करतो, शेतावरून थेट पुण्याच्या मार्केट यार्डात. म्हणाला, "सर, तीन गाड्या भरल्या की मागून पार बसते. खड्ड्यात टायर वर घासतो. गॅरेजवाला म्हणतोय दोन पाटे वाढवू, हत्ती बसवला तरी हलणार नाही. टाकू का?"

सांगलीकडच्या वाचकांसाठी सांगतो, साताऱ्यात आल्याच्या व्यवहारात 'गाडी' म्हणजे ५०० किलो. तीन गाड्या म्हणजे १,५०० किलो.

मी विचारलं, गाडी काट्यावर घातली होतीस का कधी? तो म्हणाला, "वजन तर शेतावरच होतं की." खरंय, पण ते मालाचं. गाडीचं वजन त्याने घेतल्यापासून एकदाही केलेलं नव्हतं. आपल्यातल्या बहुतेकांची हीच गत आहे.

आरसी काढा

आरसीवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं माल, माणसं, डिझेल सगळं धरून जास्तीत जास्त किती भरायचं ते एकूण वजन. त्याच्या आरसीवर १,६६० आणि २,९६० होतं. वजाबाकी केली की १,३०० किलो येतात, आणि शोरूममध्येही त्याला "तेराशे बसतात" असंच सांगितलं होतं.

मग रिकामी गाडी भुईकाट्यावर घातली तर भरली १,७८०. वरचे १२० किलो कुठून आले? लोखंडी जाळी वाढवून घेतलेली, मागे जाड पत्रा, ताडपत्री, दोरखंड, जॅक, टूलबॉक्स आणि स्वतः ड्रायव्हर. म्हणजे मालाला उरले १,१८०. तो भरत होता १,५००. दर खेपेला ३२० किलो जास्त, आणि हे त्याला दीड वर्ष माहीतच नव्हतं.

काट्यावर अजून एक काम करा. भरलेल्या गाडीची आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि वजन बघा, मग पूर्ण गाडी घ्या. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवर किती येतंय ते कळतं. काट्यावाला कुरकुर करेल, पण पावती दोन्हींची घ्या.

गाडी बसण्याची कारणं वेगवेगळी असतात

पहिलं कारण, वजनच जास्त. ते वर आलं.

दुसरं, माल चुकीच्या जागी. सांगलीत मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारे एक जण माझ्या वर्गाला यायचे. त्यांची गाडी भरायच्या आत मागून झुकायची. कारण ३०० किलोचा जनरेटर ते अगदी शेवटी, फाळक्याजवळ ठेवायचे. उतरवायला सोपा जातो म्हणून! आता हिशोब बघा. पुढच्या-मागच्या चाकांत समजा ३ मीटर अंतर आहे आणि जनरेटर मागच्या अ‍ॅक्सलच्याही १ मीटर मागे आहे. तर मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नाही, ४०० किलो येतात, आणि पुढची चाकं १०० किलोने हलकी होतात. स्टीअरिंग हलकं लागतं, हेडलाइट आभाळाकडे बघतात, समोरचा शिव्या देतो. तोच जनरेटर अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे सरकवला की मागे येतात २५० आणि पुढे ५०. दीडशे किलोचा फरक, खर्च शून्य. त्यांनी दोन फळ्या आणि एक पाइप लावून जनरेटर पुढे ढकलायची सोय केली आणि गॅरेजला गेलेच नाहीत.

तिसरं कारण, पाटे खरंच थकलेत. कमान गेली, मधला एखादा पाटा तुटलाय, शॅकलचे बुश खाल्लेत. हे ओळखायला रिकामी गाडी सपाट जागी लावा, दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून बॉडीपर्यंत टेपने मोजा. डावी-उजवीत फरक असेल, किंवा तुमच्याच मॉडेलच्या नव्या गाडीपेक्षा रिकामीच खाली असेल, तर दोष पाट्यात आहे. पाट्यांच्या कडेला चमकणारी ताजी रेघ दिसली तर तिथे तडा शोधा.

आणि एक गैरसमज मिटवतो. शॉकअप्सर वजन पेलत नाही. तो फक्त उसळी थांबवतो. "शॉकअप्सर बदला, गाडी उचलेल" असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून पुढे जा.

पाटा वाढवला की नेमकं काय होतं

सात पाट्यांत तसाच एक घातला तर ढोबळमानाने ताठपणा सातास आठ वाढतो. आधी गाडी १२ सेंटिमीटर बसत असेल तर आता साडेदहा. म्हणजे दीड सेंटिमीटर. एवढ्यात समाधान होत नाही, म्हणून मग जाड पाटा घालतात. तिथे गंमत आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० मिलिमीटरऐवजी ११ घेतला की तो पाटा एका मिलिमीटरने तेहतीस टक्के ताठ होतो. असे दोन घातले की भरलेली गाडी छान उभी राहते, आणि रिकामी गाडी बैलगाडी होते.

हे मी भोगलंय. सुरुवातीच्या काळात सांगलीत माझी स्वतःची पिकअप होती, हळदीची पोती ओढायची. मीही दोन पाटे वाढवले, बसवणाऱ्याने गॅरंटी पण दिली. हळदीला काही झालं नाही, पोतं आदळलं तरी हळद हळदच राहते. पण एका हंगामात तासगावची द्राक्षं घेतली. अर्धी गाडी माल, पाटे दगडासारखे, रस्ता तुम्हाला माहीत आहे. पोचेपर्यंत क्रेटच्या तळाशी मणी गळून पडलेले. व्यापाऱ्याने भाव पाडला आणि तो फरक बागायतदाराने माझ्या भाड्यातून कापला. त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. सहा महिन्यांनी चेसिसला जिथे पाट्याची ब्रॅकेट असते, तिथे तडा दिसला. पाटा वाकला नाही म्हणजे धक्का नाहीसा झाला असं नसतं, तो पुढच्या जोडाकडे जातो.

ब्रेकचं आता नीट वाचा, कारण हे गॅरेजमध्ये फारसं कोणी सांगत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला एका दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही म्हणतात. चेसिस आणि अ‍ॅक्सल यातलं अंतर कमी झालं की तो समजतो, माल भरलाय, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्या. तुम्ही पाटे ताठ केले की भरलेली गाडीसुद्धा उंच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमीच देतो. आता साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते 'एस' वळण डोळ्यासमोर आणा. उतार, वळण, गाडीत दीड टन माल, आणि मागचे ब्रेक अर्धवट. पाट्यांचं कुठलंही काम केलंत की या व्हॉल्व्हचं सेटिंग कंपनीच्या मापाने तपासून घ्या.

मग करायचं काय?

पाटे थकले असतील तर बदला, त्यात वाद नाही. त्याच मॉडेलचे, त्याच मापाचे, दोन्ही बाजूंचे एकदम. तुटलेला एकच पाटा बदलला तर त्या बाजूला गाडी वेगळी वागते. जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेणं स्वस्त पडतं, पण स्प्रिंगचं पोलाद नुसतं तापवून वाकवून चालत नाही. त्याला नीट पाणी द्यावं लागतं आणि नंतर पुन्हा ठरावीक उष्णता. ते न करता दिलेली कमान थोड्याच दिवसांत बसते. यू-बोल्ट मात्र जुने वापरू नका, नवेच घाला, आणि काही शे किलोमीटर गाडी चालली की पुन्हा आवळून घ्या. मधला सेंटर बोल्ट तुटतो तो बहुतेक वेळा यू-बोल्ट ढिले राहिल्यामुळे.

माल मर्यादेत आहे, पाटे चांगले आहेत, तरी भरल्यावर मागून जरा जास्तच झुकते असं असेल तर हेल्पर पाटा हा बरा मार्ग. तो वर थोडा मोकळा राहतो आणि वजन आल्यावरच टेकतो, त्यामुळे रिकामी गाडी मऊच राहते. काही गाड्यांना तो कंपनीतूनच असतो, आधी खाली वाकून बघा. तुमच्या मॉडेलसाठी कंपनी काय मान्य करते ते सर्व्हिस सेंटरला विचारा, कारण मनाने केलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कुठलाही पाटा घातला तरी आरसीवरचं २,९६० हे २,९६० च राहतं.

आता धंद्याचं

त्या मुलाबरोबर वहीत मांडलेला हिशोब असा. भाडं किलोला ३ रुपये. तीन गाड्यांचे ४,५०० रुपये. जाऊन-येऊन डिझेल साधारण १,९००, वर आनेवाडी आणि खेड शिवापूरचा टोल. ३२० किलो जास्तीचे मिळतात ९६० रुपये. दंड? कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. एकदा पकडला की २१ खेपांची ती जास्तीची कमाई गेली. पाटे, टायर, क्लच वेगळे.

तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "सर, पण ते नऊशे साठ सोडले तर हप्ता कसा भरू?"

हा खरा प्रश्न होता, पाट्यांचा नव्हता. डिझेल, टोल, हप्ता आणि देखभाल काढली तर त्याच्या हातात राहत होतं ते जवळजवळ सगळं त्या जास्तीच्या ३२० किलोंचंच. म्हणजे भाडंच चुकलेलं होतं. दुसऱ्यांकडे बघून ठरवलेलं, आणि दुसरेही ओव्हरलोडच भरतात! अशा वेळी सरळ दोन-तीनच वाटा असतात. भाडं वाढवून मागायचं, मोठ्या क्षमतेची गाडी घ्यायची, नाहीतर परतीची गाडी रिकामी आणायची नाही. बोलेरो मॅक्स पिकअप २०२३ मध्ये आली तेव्हा १.३ टनापासून २ टनापर्यंत पर्याय होते, त्यामुळे नवी घेणाऱ्यांनी आधी मालाचं वजन ठरवावं आणि मग शोरूमला जावं. ज्याची घेऊन झालीय, त्याला हे आता उपयोगाचं नाही.

व्यापाऱ्याने भाडं वाढवायला नकार दिला. मग आम्ही परतीच्या भाड्यावर बसलो. पुण्याच्या भुसार बाजारातून कोरेगावच्या किराणा दुकानांचा माल येतोच, कोणाच्या तरी गाडीत. त्याने चार दुकानं फिरली, दोघांनी हो म्हटलं. आठवड्यातून दोन खेपा, प्रत्येकी साधारण ६०० किलो, किलोला २ रुपयांनी १,२०० रुपये. आलं आता तो १,१५० किलोच्या आत भरतो आणि वजनाची पावती डॅशबोर्डवर ठेवतो.

आणि हो, गाडी उचलून बघितली तेव्हा डाव्या बाजूचा तिसरा पाटा तुटलेला निघाला. दोन्ही बाजूंचे संच कंपनीच्या मापाचे बदलले, बुश आणि यू-बोल्ट नवे घातले, एलएसपीव्ही तपासून घेतला. दीड वर्ष ओव्हरलोड चालवल्याचं बिल होतं ते, त्याने पावतीचा फोटो मला पाठवला. मी तो पुढच्या व्हिडिओत दाखवणार आहे, नाव झाकून. तोपर्यंत तुमची रिकामी गाडी एकदा काट्यावर घाला.