खेळ तोच, पण यंत्राला का कळत नाही?

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा हे गाव आहे. तेथे मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा कानी पडतात. भामरागडकडे गेले की माडिया ऐकू येते. आता समजा, माडियातील एक वाक्य नागरी लिपीत लिहून चंद्रपूरच्या एखाद्या मराठी मुलाला दिले. तो ते अडखळत का होईना, वाचून दाखवील. पण अर्थ काही त्याला कळणार नाही. लिपी ओळखीची, भाषा मात्र अनोळखी! आज आपण ज्या अडचणीचा विचार करणार आहोत, ती अशीच आहे.

पत्त्यांतील एका पानाएवढ्या सर्किट बोर्डावर सारा संगणक बसवता येतो. इंग्लंडमध्ये २०१२ साली तयार झालेला रास्पबेरी पाय हा असाच संगणक. समजा, तुमच्या शाळेत असा एक बोर्ड आला. मोबाइलवरचा एखादा खेळ त्यावर चालवावा, असे तुम्ही ठरवले आणि त्यासाठी लागणारी साहाय्यक आज्ञावली बोर्डावर उतरवली. मोबाइलचा प्रोसेसर आर्म पद्धतीचा, बोर्डाचाही आर्म पद्धतीचाच. तरीही पडद्यावर उत्तर येते, “अशी फाईल नाही.” फाईल तर समोर दिसते आहे! मग कोणी म्हणतो, फाईल नीट उतरली नाही. कोणी म्हणतो, बोर्डच बिघडला. जेथे नेटवर्क जेमतेम मिळते, तेथे तीच फाईल पुन्हा पुन्हा उतरवण्यात दिवस जातो आणि शेवटी चांगला बोर्ड कपाटात जाऊन पडतो. खरे पाहता दोष दोघांचाही नसतो.

आकडे सारखे, भाषा निराळ्या

प्रोसेसरला फक्त ० आणि १ कळतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण ० आणि १ ही झाली लिपी. कोणत्या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा, हे ज्या नियमांनी ठरते तो सूचनासंच म्हणजे प्रोसेसरची भाषा. “पहिल्या कप्प्यात ५ ही संख्या ठेव” एवढी साधी सूचना घेऊ. ती स्मृतीत कशी लिहिली जाते ते पाहा:

३२ बिटांची आर्म भाषा : ५, ०, १६०, २२७
६४ बिटांची आर्म भाषा : १६०, ०, १२८, ८२
इंटेल पद्धतीची भाषा : १८४, ५, ०, ०, ०

सूचना एकच, पण लेखन तीन तऱ्हांचे. एका भाषेतील आकडे दुसऱ्या भाषेच्या प्रोसेसरपुढे ठेवले, तर तो भलताच अर्थ लावील किंवा थांबून जाईल.

मग आर्मच्या दोन भाषा कशासाठी? ३२ बिटांत स्मृतीतील ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ घरांनाच क्रमांक देता येतात. म्हणजे सुमारे ४ गिगाबाइट स्मृती झाली की क्रमांक संपले. ही मर्यादा ओलांडण्यासाठी ६४ बिटांची पद्धती २०११ साली जाहीर झाली. तिचा सूचनासंच नव्याने रचलेला असल्यामुळे वरील आकडे जुळत नाहीत. रास्पबेरी पायच्या २०१६ सालच्या तिसऱ्या नमुन्याला मात्र या दोन्ही भाषा येतात. सिरोंच्याच्या मुलाला मराठी आणि तेलुगू येते, तशा.

मग अडते कोठे?

प्रोसेसरला भाषा आली, एवढ्याने भागत नाही. त्याच्यावर कार्यप्रणालीचा गाभा असतो. त्याच्याही वर लायब्ररी, म्हणजे अनेक आज्ञावल्यांना लागणाऱ्या तयार सूचनांचा संग्रह असतो. हे थर एकाच भाषेचे असतीलच असे नाही. २०२३ सालापासून रास्पबेरी पायच्या चौथ्या नमुन्यावर ३२ बिटांची प्रणाली बसवली, तरी तिचा गाभा ६४ बिटांचा चालू होतो. लायब्ररी मात्र ३२ बिटांचीच राहते. गाभ्याला विचारले तर तो सांगतो, “मी ६४.” म्हणून तुम्ही ६४ बिटांची आज्ञावली आणता. गाभा ती ओळखतो आणि तिला लायब्ररीशी जोडून देणारी ६४ बिटांची मदतनीस फाईल शोधू लागतो. ती तेथे नसते. “अशी फाईल नाही” ही तक्रार त्या मदतनीसाबद्दल असते, तुमच्या आज्ञावलीबद्दल नव्हे!

गाभादेखील ३२ बिटांचा असेल, तर तक्रार निराळी येते: “फाईलचा नमुना चुकीचा आहे.” म्हणून संदेश नीट वाचावा. ताप कोणता ते कळले की औषध सापडते.

तीन उपाय

पहिला उपाय, योग्य भाषेतील प्रत आणणे. अँड्रॉइडच्या खेळाची फाईल म्हणजे एक गाठोडेच असते. त्यात पुष्कळदा प्रत्येक भाषेसाठी निराळा कप्पा असतो. ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेने ६४ बिटांची प्रतही आवश्यक केली आहे.

दुसरा उपाय, दोन्ही भाषांच्या लायब्ररी शेजारी शेजारी बसवणे. २०१३ साली माइनक्राफ्ट या खेळाच्या मोबाइल आवृत्तीवरून केलेली एक प्रत रास्पबेरी पायसाठी मोफत देण्यात आली. ती ३२ बिटांचीच आहे. म्हणून ६४ बिटांच्या प्रणालीवर ती चालवताना ३२ बिटांची लायब्ररी सोबत द्यावी लागते.

तिसरा उपाय दुभाष्याचा. इंटेल पद्धतीची आज्ञावली आर्म बोर्डावर चालवायची, तर मध्ये भाषांतर करणारी आज्ञावली लागते. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली क्यूएमू ही अशीच एक होय. हा दुभाषा एकदा केलेले भाषांतर जपून ठेवतो आणि तोच भाग पुन्हा आला की वापरतो. तरीही एका सूचनेच्या जागी अनेक सूचना होतात, वेग घटतो आणि खेळातील चित्रे अडखळू लागतात.

१९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे स्वतः माडिया शिकले. चार दिवसांच्या कामाला दुभाषा पुरतो, जन्माच्या कामाला भाषाच शिकावी लागते. संगणकातही तसेच आहे. मूळ लिखाण हाती असेल, तर खेळ बोर्डाच्या भाषेत पुन्हा तयार करणे सर्वांत चांगले.

करून पाहा

लिनक्सवरील कोणतीही आज्ञावली बाइट दाखवणाऱ्या साधनाने उघडा आणि आकडे दशमान पद्धतीत पाहा. पहिले चार बाइट १२७, ६९, ७६, ७० असतील. पाचवा १ असेल तर ती ३२ बिटांची, २ असेल तर ६४ बिटांची. आता एकोणिसावा पाहा: ४० म्हणजे ३२ बिटांची आर्म, १८३ म्हणजे ६४ बिटांची आर्म, ६२ म्हणजे ६४ बिटांची इंटेल पद्धती. पहिले चार आकडे निराळे निघाले, तर ती फाईल या जातीची नव्हे, दुसरी घ्या.

बोर्ड कपाटात ठेवण्यापूर्वी हे दोन आकडे तपासायला विसरू नका!