पाऊस तोच, पाणी का तुंबते?

मुंबईच्या पावसाळ्यात एक गोष्ट वारंवार दिसते. सकाळी तासभर मुसळधार पाऊस पडतो आणि थोड्याच वेळात रस्ते मोकळे होतात. दुपारी तेवढाच पाऊस पडतो आणि हिंदमाताजवळ गुडघाभर पाणी साचते. गटारे तीच, रस्ताही तोच. मग फरक कशामुळे पडतो? याचे उत्तर थोडे भौतिकीत आहे आणि थोडे नगरपालनात. दोन्ही क्रमाने पाहू या.

प्रथम पाणी मोजू. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. आता समजा, १ चौरस किलोमीटर वस्तीवर एका तासात ५० मिमी पाऊस पडला. १० लक्ष चौरस मीटर गुणिले ५० लिटर, म्हणजे ५ कोटी लिटर पाणी झाले. जमीन मोकळी असेल तर यातले बरेचसे पाणी मुरते. परंतु डांबर, सिमेंट आणि फरशी यांत पाणी मुरत नाही. ते जवळजवळ सगळे गटारांकडे धावते. तेव्हा दर सेकंदाला सुमारे १४ हजार लिटर पाणी वाहून न्यावे लागते, आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचे!

आता हे पाणी जाते कोठे, ते पाहू. मुंबई मुळात सात बेटांची. मधल्या खाड्या बुजवून ती जोडली गेली. वरळीजवळचे खिंडार अठराव्या शतकात बांध घालून बंद केले. तोच हॉर्नबी वेलार्ड. अशा भराव घातलेल्या जागा सखल राहिल्या. कित्येक ठिकाणी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहूनही खाली आहे. नाल्यांची समुद्रातील बहुतेक मुखेसुद्धा भरतीच्या पातळीखाली आहेत.

याचा परिणाम समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा. बाटलीत पाणी भरून ती रिकाम्या बादलीत उभी करा. भोकातून पाण्याची जोरदार धार निघेल. आता बादलीत पाणी ओतत जा. भोक पाण्याखाली गेले की धार मंदावू लागेल. बादलीतील आणि बाटलीतील पातळी सारखी झाली की प्रवाह थांबेल. आणखी पाणी ओतलेत तर बादलीतील पाणी उलट बाटलीत शिरेल.

बाटली म्हणजे शहर, भोक म्हणजे नाल्याचे मुख आणि बादली म्हणजे समुद्र. प्रवाहाचा वेग दोन पातळ्यांतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. फरक चौथाई झाला की वेग निम्मा होतो. फरक शून्य झाला की वेगही शून्य. सकाळी ओहोटी होती म्हणून पाणी गेले. दुपारी भरती होती म्हणून ते तुंबले.

भरती दिवसातून दोनदा, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती मोठी असते आणि मुंबईत तेव्हा ती दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणजे सकाळची शाळा सुटण्याची आणि दुपारची भरण्याची हीच वेळ! पण भरतीची वेळ आधीच ठाऊक असते; ती वर्षभराची छापून मिळते. पावसाचे तसे नाही. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तर त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी. त्या दिवशी समुद्राला मोठी भरतीही होती. शेकडो माणसे दगावली.

येथे नगरपालनाचा भाग सुरू होतो. मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्यानुसार चालतो. गटारे बांधणे, दुरुस्त ठेवणे आणि साफ करणे हे या कायद्याने पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. नगरसेवकांची सभा खर्चाला मंजुरी देते आणि राज्य शासनाने नेमलेले आयुक्त कामे करवून घेतात.

परंतु गटार केवढे बांधायचे? जुनी व्यवस्था तासाला २५ मिमी पावसासाठी होती, तीही ओहोटी असताना, आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरून. पुढे सुधारणेचे जे माप ठरले ते तासाला ५० मिमी पावसाचे, आणि सगळे पाणी वाहून येईल असे धरून. दोन्हींचा हिशेब करा. पाऊस दुप्पट, वाहणारा वाटा दुप्पट. म्हणजे गटारांवरचा भार चौपट झाला! यावरून लक्षात येईल की शहरातले एक मोकळे मैदान फरशीखाली झाकणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

मोठी गटारे बांधूनही भरतीचा प्रश्न उरतोच. म्हणून हाजी अली, ईर्ला यांसारख्या ठिकाणी उदंचन केंद्रे उभारली आहेत. भरतीच्या वेळी नाल्याचे दरवाजे बंद करून समुद्राला अडवायचे आणि आतले पाणी पंपांनी उचलून पलीकडे टाकायचे, अशी ही योजना. हिंदमाता परिसरातील पाण्यासाठी जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. भरती असेपर्यंत पाणी त्यांत साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. मात्र पंप असो वा टाकी, नाला गाळाने आणि पिशव्यांनी भरलेला असेल तर पाणी तेथवर पोहोचणारच नाही.

हा प्रश्न पुढे अधिक बिकट होणार आहे. १९०० नंतर जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंमी वाढली आहे. जेथे पातळ्यांतील फरकच एक-दीड मीटर, तेथे २० सेंमीचे मोल किती, हे बाटलीच्या प्रयोगावरून तुम्ही सांगू शकाल.

आता तुमच्यासाठी एक काम. सरळ बाजूंचा एक डबा गच्चीवर उघड्यावर ठेवा आणि त्यात साचलेला पाऊस दर तासाला पट्टीने मोजा. शेजारच्या रकान्यात भरतीची वेळ लिहा आणि तिसऱ्यात शाळेजवळच्या रस्त्यावरील पाण्याची खोली. ती मात्र दुरूनच, भिंतीवर आधी केलेल्या खुणांवरून पाहा. साचलेल्या पाण्यात उतरू नका. खाली उघडे झाकण असू शकते. एका पावसाळ्यात तुमच्याजवळ चांगला तक्ता तयार होईल. तो शिक्षकांना दाखवा आणि मग आपल्या विभाग कार्यालयात नेऊन द्या. “आमच्याकडे पाणी तुंबते” असे सगळेच सांगतात; किती पावसाला, कोणत्या भरतीला आणि किती वेळ तुंबते, हे सांगणारा नागरिक अधिक उपयोगी पडतो.