एका डी.पी.वर किती मोटरी?

गव्हाची पेरणी होऊन १८ ते २१ दिवस झाले की मुकुटमुळे फुटतात. ही पाण्याची पाळी चुकली तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी घट भरून निघत नाही. नेमकी अशाच दिवसांत डी.पी. जळते, कारण सर्वांनाच एकदम पाणी हवे असते. मी वीज अभियंता नाही, कृषिविद्येचा शिक्षक आहे. पण पाण्याच्या पाळ्या सांगायच्या आणि विजेचे गणित सोडून द्यायचे, हे पटत नाही.

वीज आपल्याकडे कालव्याच्या पाण्यासारखीच येते. उपकेंद्रातून ११,००० व्होल्टची वाहिनी निघते. ती वितरिका समजा. डी.पी.वरील रोहित्र हा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरवते आणि तेथून लघुदाबाच्या तारा शेतोशेती जातात. त्या आपल्या चाऱ्या. ही तार लांबली, तिच्यावर मोटरी वाढल्या, की चारीच्या टेलला जे होते तेच शेवटच्या विहिरीवर होते.

१०० केव्हीएचे रोहित्र प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर प्रवाह देते. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते. अशा १५ मोटरींचे ११२ अँपिअर होतात, म्हणजे थोडी सवड उरते. आकडे टाकून आणखी तीन मोटरी चालल्या की ती संपते. मंजुरी पाचची आणि विहिरीवर साडेसातची, हा प्रकारही दुर्मिळ नाही.

दाब उतरला म्हणजे मोटर कमी वीज घेते, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात तेवढेच पाणी उचलण्यासाठी ती जास्त प्रवाह ओढते. ४१५ व्होल्टचे ३४० झाले तर साडेसातचे सुमारे ९ अँपिअर होतात आणि वाइंडिंगमधील उष्णता जवळजवळ दीडपट होते. मोटर जळते ती अशी. एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन फेजवर मोटर फिरत राहिली तर ती याहून लवकर जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रतिबंधक बसवून घ्यावा.

ऑटोस्विचचा घोळ

सुरू होताना मोटर काही क्षण पूर्ण भाराच्या पाच ते सहापट प्रवाह घेते. रात्री लाईट येताच ऑटोस्विचमुळे १५ मोटरी एकदम सुरू झाल्या, तर १३३ अँपिअरच्या रोहित्राकडे ६०० अँपिअरची मागणी होते. दाब कोसळतो, फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तारेची जाड जुडी अडकवतो. त्यानंतर फ्यूज उडत नाही, रोहित्र जळते. फ्यूजचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. डी.पी.ला स्वतः हात लावणे जिवावर बेतते.

ऑटोस्विच काढा, असे सांगणे सोपे आहे. रात्री दीड वाजता, थंडीत, विंचूकाट्यातून विहिरीवर जायचे कोणी? म्हणून मधला मार्ग सुचवितो. स्टार्टरला टायमर बसवून डी.पी.वरील सर्वांनी आपापली वेळ दोन-दोन मिनिटांनी मागेपुढे ठेवावी. टेलच्या मोटरीला पहिला क्रमांक द्यावा, कारण त्या वेळी तारेत दाब चांगला असतो.

कपॅसिटर

मोटर काही प्रवाह पाणी उचलण्यासाठी आणि काही केवळ चुंबकत्व निर्माण करण्यासाठी घेते. हा दुसरा भाग कपॅसिटर जागेवरच पुरवितो, तो डी.पी.पासून ओढून आणावा लागत नाही. ३ अश्वशक्तीला १, ५ ला २, साडेसातला ३ आणि १० ला ४ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर लावावा. पाचच्या मोटरीचा तारेतील प्रवाह त्यामुळे सुमारे एक अँपिअरने कमी होतो. एकट्याने लावला तर फरक जाणवणार नाही, पण पंधरा जणांनी लावला तर दोन मोटरींचा भार हलका होतो.

कपॅसिटर जास्त क्षमतेचा घेऊ नये. तो स्टार्टरच्या मोटरीकडील बाजूस, मोटरीबरोबर चालू-बंद होईल असा, जाणकाराकडून जोडून घ्यावा. वीज बंद केल्यावरही त्यात काही वेळ भार राहतो, म्हणून लगेच हात लावू नये. फुगलेला किंवा तेल गळणारा कपॅसिटर बदलावा. पुष्कळ विहिरींवर तो पेटीत असतो, पण त्याच्या तारा केव्हाच सुटलेल्या असतात.