अंगावर उठणारं पित्त आणि औषधं

गोळी घेतली किंवा इंजेक्शन झालं आणि अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली, की आपण म्हणतो "पित्त उठलं". मग आमसुलाचं पाणी लावतात. या पित्ताचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. आपल्या कातडीत, श्वासनळीत, आतड्यात मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांत हिस्टामिन हे रसायन साठलेलं असतं. ते सुटलं की बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाणी झिरपतं, तीच गांध.

हिस्टामिन सुटण्याच्या वाटा मात्र वेगळ्या. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर शरीराने आधीच त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. पुढच्या डोसला ती मास्ट पेशी फोडतात. म्हणून "मागच्या वेळी काही झालं नाही" यावर विसंबू नये. मॉर्फिन, व्हॅन्कोमायसिन ही औषधं प्रतिपिंडांशिवाय थेट त्या पेशींवर काम करतात. एक ग्रॅम व्हॅन्कोमायसिन सलाईनमधून किमान 60 मिनिटांत द्यायचं असतं. घाईने गेलं तर चेहरा, मान, छाती लाल होते, खाज येते. बहुतेकदा वेग कमी केला की उतरतं आणि पुढे तेच औषध चालतं. बाटली लवकर संपावी म्हणून सलाईनचं चाक स्वतःच फिरवणारे नातेवाईक वॉर्डात दिसतात. कृपया हात लावू नका, सिस्टरांना बोलवा.

गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, चक्कर आली, तर वाट पाहू नका. सेट्रिझिन खाज कमी करते. आवळलेली श्वासनळी मोकळी करत नाही, पडलेलं ब्लडप्रेशर वर आणत नाही. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. 108 ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप जास्त असेल तर बसू द्या, पण चालवू नका. गल्लीत गाडी येत नसेल तर खाटेवरून रस्त्यापर्यंत न्या.

बरं वाटल्यावर गोळीचं पाकीट फेकू नका. "मला औषधाची ॲलर्जी आहे" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. औषधाचं नाव, किती वेळात काय झालं, इंजेक्शन होतं की सलाईन, हे केसपेपरवर लिहून घ्या. ॲलर्जी नसताना तसा शिक्का बसला, तर गरजेच्या वेळी चांगलं, स्वस्त औषधही हातचं जातं.