गाडी दुरुस्त करायची की काढायची?

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की घरचे लोक आपल्याला मेस्त्रीच समजायला लागतात. पंपाचं पाणी कमी येतंय, मिक्सर वास मारतोय, काकांची जीप निळा धूर सोडतेय, सगळ्यावर उत्तर एकच : "हिला विचारा, ही इंजिनिअर होणार आहे." मिक्सर आणि पंपाचं मला काही सांगता आलं नाही, पण जीपच्या वेळी अभ्यास खरंच उपयोगी पडला. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात 'रिप्लेसमेंट ॲनालिसिस' नावाचं प्रकरण आहे. बहुतेक जण ते आठ मार्कांपुरतं वाचतात. तेच इथे सोप्या भाषेत मांडते. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या निम्म्या गाड्या आपल्यापेक्षा फार लहान नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येकाला पडणारच आहे.

प्रश्न नीट मांडूया

मेस्त्री म्हणतो, "इंजिन कामाला आलंय, ८५ हजार लागतील." लगेच आपण म्हणतो, "बापरे, गाडीची किंमतच ९० हजार, तिच्यात ८५ कशाला घालायचे?" ऐकायला हे बरोबर वाटतं, पण ही तुलना चुकीची आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून काही कळत नाही. दुरुस्ती म्हणजे आपण वर्षं विकत घेतो. ८५ हजारांत किती वर्षं मिळणार, आणि तेवढीच वर्षं दुसऱ्या गाडीने काढायची तर किती पडतील, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गेलेला पैसा. काका सारखं म्हणत होते, "आत्ता दिवाळीत चार टायर टाकलेत, आता कशी विकू?" पुस्तकात याला बुडीत खर्च म्हणतात. टायरचे पैसे जीप ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. टायर नवे आहेत याचा जो काही फायदा, तो व्यापारी जी किंमत देतो त्यात आलेलाच आहे. हिशोबात तो पुन्हा धरला की एकच पैसा दोनदा मोजला जातो.

आधी सांगाडा, मग इंजिन

काकांची जीप २००७ ची, एमएच-११ पासिंगची, डिझेल. शेतावर जायला, बाजार समितीत जायला आणि मुख्य म्हणजे आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बारामतीला न्यायला. एका गॅरेजने बॉनेटसुद्धा न उघडता "भंगारात घाला" म्हणून सांगितलं. आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी मात्र आधी गाडी रॅम्पवर घेतली आणि इंजिनाकडे न बघता खाली चेसीसवर हातोडीने ठोकत गेले. जिथे खणखणीत आवाज येतो तिथे लोखंड शाबूत, जिथे बद्द आवाज येतो तिथे आतून गंज. पाटे जिथे चेसीसला अडकवतात ती जागा, क्रॉस मेंबरचे जोड, केबिन बसते ते पाय, ही ठिकाणं त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितली. वरवरचा गंज होता, पण पोकळ जागा कुठे सापडली नाही.

हा क्रम महत्त्वाचा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच हे सुटे भाग आहेत, ते उतरवून पुन्हा नवे करता येतात. चेसीस गेली की त्यावर बसवलेलं नवं इंजिनही वाया जातं. गाडी किती वर्षं चालणार हे आपण ज्या भागावर पैसे घालतो तो ठरवत नाही, जो सगळ्यात कमजोर भाग तसाच राहतो तो ठरवतो. वेल्डिंगचे ठिगळ लावून चेसीस चालवणारे लोक आहेत, पण ज्या गाडीत घरची माणसं बसतात तिच्याबाबत तो विचारसुद्धा नको.

इंजिनचं दुखणं ओळखणे

धुराचा रंग बरंच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. कधी कधी नुसता एअर फिल्टर किंवा नोझल साफ करून काम भागतं. गरम इंजिनातून सतत पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलं हे नक्की.

निळा धूर असला तरी लगेच बोअर-पिस्टन काढू नका. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. पेट्रोलच्या गाडीत रीडिंग कमी आलं तर सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. रीडिंग वाढलं तर रिंगा आणि बोअर झिजलेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजली. तेवढंच राहिलं तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. म्हणजे फुल इंजिनऐवजी नुसतं हेड काम पुरेल, आणि खर्चात मोठा फरक पडेल. डिझेल इंजिनात ऑइल ओतण्याचा हा प्रयोग करू नये. त्याचं कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की ते ऑइलच पेट घेऊ शकतं.

बोअर करायचा म्हणजे काय तेही समजून घ्या. झिजलेला सिलेंडर थोडा मोठा कापतात आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. नेहमीची मापं ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मि.मी. म्हणजे बोअरला मर्यादा आहे. सेकंड-हँड गाडीचं इंजिन उघडलं आणि पिस्टनच्या डोक्यावर १.०० लिहिलेलं दिसलं, तर त्या सिलेंडरची ही बहुतेक शेवटची पायरी. काही इंजिनांत सुटा लायनर असतो, तो काढून नवा घालता येतो. आपल्या फलटणजवळ सुरवडी-नांदल भागात कमिन्सची मेगासाइट आहे. त्याच कमिन्सच्या बी मालिकेच्या इंजिनांत बोअर थेट ब्लॉकमध्ये असतो, तर सी मालिकेत ओला लायनर असतो. जुनी इंजिनं परत घेऊन, पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून ती 'रिकॉन' या नावाने वॉरंटीसह विकण्याचा या कंपनीचा जगभर मोठा धंदा आहे. तेव्हा 'इंजिन उघडलं की गाडी गेली' ही समजूत सोडून द्या. इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं, फक्त ते मापाने बांधलं पाहिजे.

आता हिशोब

आमचे आकडे असे होते. जीप आहे तशी विकली तर ९० हजार. इंजिनचं काम ६३ हजार. इंजिन खाली उतरवलेलंच आहे तर क्लच प्लेट, रेडिएटर, होज पाइप आणि माउंटिंग यांना वेगळी मजुरी पडत नाही, म्हणून तेही घ्यायचं ठरलं : २२ हजार. एकूण ८५ हजार. दुसरा पर्याय म्हणजे सहा वर्षं वापरलेली तशीच जीप, ५ लाख ५० हजार. डिझेल दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते सोडून दिलं. पैशावर व्याज वर्षाला १० टक्के धरलं आणि सोपं जावं म्हणून ते सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर धरलं.

दुरुस्तीचा पर्याय, चार वर्षांसाठी : ९० + ८५ म्हणजे १ लाख ७५ हजार गुंतले. चार वर्षांनी ७० हजार येतील. घट १ लाख ५ हजार, वर्षाला २६,२५०. किरकोळ दुरुस्ती वर्षाला ३० हजार. कागदपत्रांसाठी चार वर्षांत १५ हजार, वर्षाला ३,७५०. व्याज १७,५००. बेरीज वर्षाला ७७,५००.

दुसरी गाडी : ५ लाख ५० हजार गुंतले, चार वर्षांनी ३ लाख ५० हजार येतील. घट वर्षाला ५० हजार, किरकोळ दुरुस्ती १८ हजार, व्याज ५५ हजार. बेरीज १ लाख २३ हजार.

इथे आईने विचारलं, "जीप आपलीच आहे, मग तिचे ९० हजार खर्चात का?" प्रश्न बरोबर आहे आणि परीक्षेतही नेमकं इथेच सगळे अडकतात. व्यापारी ९० हजार रोख देतोय आणि आपण ते नाकारतोय, म्हणजे ते पैसे आपण पुन्हा त्याच जीपमध्ये घातले असाच अर्थ होतो.

आता खरी गंमत बघा. चार वर्षं हा आपला अंदाज आहे, तो चुकला तर? समजा जीप दोनच वर्षं चालली आणि शेवटी भंगाराच्या भावाने ४० हजार आले. घट वर्षाला ६७,५००, किरकोळ ३० हजार, कागदपत्रं ७,५००, व्याज १७,५००. बेरीज १ लाख २२ हजार ५००. म्हणजे दुसऱ्या गाडीशी जवळजवळ बरोबरी. आणि एकाच वर्षात चेसीसने दगा दिला तर कागदपत्रं न धरतासुद्धा १ लाख ८२ हजार ५००. म्हणून आमचा सगळा वाद '८५ हजार फार की थोडे' यावरून हटून 'ही जीप दोन वर्षं नक्की चालेल का' या एका प्रश्नावर आला. त्याचं उत्तर मेस्त्रींच्या हातोडीने आधीच दिलं होतं.

एसटीकडून शिकण्यासारखं

हा विचार सगळ्यात मोठ्या प्रमाणावर आपल्या एसटीने केला आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बसची बॉडी बांधतात. चेसीस चांगली पण बॉडी खिळखिळी, अशा जुन्या बसवर नवी स्टीलची बॉडी चढवून तीच बस पुन्हा रस्त्यावर आणण्याचं कामही तिथे झालं. सांगाडा चांगला म्हणून बाकीच्यावर खर्च, हेच ते तत्त्व. पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि एसटीसारख्या महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही. तिथे मेस्त्रीच्या आधी कायदाच वर्षं ठरवतो.

खाजगी गाडीला तसं नाही. नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मात्र त्याची फी वाढत गेली आहे : कारसाठी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांपुढच्या कारला १० हजार, मोटारसायकलला २ हजार. हरित कर आणि विमा वेगळा. मोठं काम काढण्याआधी आरसी बुकावरची तारीख बघा.

टू-व्हीलरवाल्यांसाठी

यात पार्ट मिळतात का हा प्रश्न पहिला. स्प्लेंडर १९९४ पासून निघतेय, तिचे पार्ट गावातल्या दुकानातही मिळतात. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, पण त्याच कुळातलं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत होतं, त्यामुळे अडत नाही. आरएक्स-१०० मात्र १९९६ लाच बंद झाली. तिच्यावर पैसे घालायचे तर खुशाल घाला, पण ते 'हौस' या रकान्यात लिहा, बचतीत नको. दुसरं म्हणजे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या उसाच्या भागाला त्याचा आनंदच आहे, पण जुन्या गाडीतले काही रबरी पाइप आणि सील त्याने खराब होऊ शकतात. कार्ब्युरेटर उघडाल तेव्हा तेही बदलून घ्या.

जे आकड्यात बसत नाही

आजीचं डायलिसिस. हिशोबाने दुरुस्ती जिंकली, पण सकाळी सहाला जीप सुरू झाली नाही तर ४५ हजारांची बचत काय कामाची? हा धोका शून्य होत नाही, नवीन गाडीतही नाही. म्हणून काकांनी दोन गोष्टी केल्या. ओळखीच्या एका गाडीवाल्याशी बोलून ठेवलं, की फोन केला की अर्ध्या तासात दारात. आणि आरसी बुकाच्या पाकिटात एक चिठ्ठी लिहून ठेवली : यापुढे गिअरबॉक्स किंवा चेसीसचं काम निघालं तर दुरुस्ती नाही, गाडी काढायची. ही मर्यादा आधी लिहून ठेवणं फार गरजेचं आहे. एकदा गॅरेजमध्ये गाडी उघडून पडली की 'एवढं केलंय तर आणखी थोडं' म्हणत माणूस वाहत जातो.

काम होऊन सात महिने झाले. निळा धूर गेला, ऑइल टिकतंय, आजी पुढच्या सीटवर बसून बारामतीला जाते. दोन वर्षांतले सात महिने वसूल झाले, सतरा बाकी आहेत. तुमच्या गाडीचा हिशोब करायचा असेल तर आरसी बुक, मेस्त्रीचं लेखी एस्टिमेट आणि विकत घेणाऱ्याने सांगितलेली किंमत, एवढं घेऊन लेडीज हॉस्टेलच्या व्हिजिटर रूममध्ये या. कॅल्क्युलेटर माझ्याकडे आहे, हातोडी तेवढी तुमची आणा.